दोन रेघांच्या आधीचे चौदा दिवस

"आम्ही चान्स घेतोय," असं जोडपी म्हणतात, तेव्हा तो शब्द अगदी नेमका असतो. तिशीच्या आतल्या, निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात दिवस जाण्याची शक्यता शंभरात वीस-पंचवीसच. वीस धरून हिशोब करा. सगळं ठीक असलेली १०० जोडपी घेतली, तरी सहा महिन्यांनी त्यांतली २६ अजून वाटच पाहत असतील. कुणात काही दोष नसताना! आणि आपल्याकडे "काय, काही विशेष?" हे तिसऱ्या महिन्यापासूनच सुरू होतं.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. शुक्राणू मात्र शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, एवढेच दिवस कामाचे. "चौदावा दिवस" सगळ्यांनाच लागू नाही. बीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी सुटतं. पाळी ३५ दिवसांनी येणाऱ्या बाईचा तो दिवस एकविसाव्याच्या आसपास पडतो.

मग सुरू होतं खरं कठीण काम, वाट पाहणं. फळलेलं बीज गर्भनलिकेतून गर्भाशयात येतं आणि अस्तरात रुजतं, यात आठवडाभर, कधी दहा दिवसही जातात. एचसीजी हे संप्रेरक तयार होतं ते रुजल्यावरच, आणि घरच्या चाचणीत दुसरी रेघ उमटते ती त्याच्यामुळे. म्हणून घाईने केलेल्या चाचणीतली एकच रेघ म्हणजे "नाही" असं उत्तर नव्हे. छाती जड होणं, पोट फुगणं याही खुणा फसव्या आहेत. त्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे होतात, आणि दिवस गेले नसले तरी ते दर महिन्याला वाढतंच. शरीर या दिवसांत काही सांगत नाही. बाई मात्र रात्र रात्र त्याचा अर्थ लावत बसते.

काही गर्भ रुजूनही वाढायचे थांबतात, बहुतेकदा गुणसूत्रांच्या जुळणीत चूक झाल्यामुळे. जिना चढल्याने किंवा स्कूटर चालवल्याने नव्हे.

वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांकडे जावं. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनी, आणि पाळी अनियमित असेल तर लगेच. जाताना दोघांनी जावं. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, तरी तपासण्यांची रांग बाईपासूनच लागते, हे मला फार खटकतं. वीर्यतपासणी सोपी आणि सुईविना होणारी आहे. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे तंबाखू आज सोडली तर फरक दिसायला तेवढा वेळ द्यावा लागतो.

आणि फॉलिक अॅसिडची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आत्ताच सुरू करावी. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. तोवर आईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात.