बीपी वाढलंय? आधी पाकिटाची मागची बाजू वाचा

आमच्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला येणारे बरेच जण बसल्या बसल्या हेच सांगतात, "आम्ही ताटात वरून मीठ घेतच नाही, तरी बीपी काही उतरत नाही." आणि ते खोटं बोलत नसतात. पण वरून घेतलेलं मीठ हा एकूण मिठातला छोटासाच भाग असतो, बाकीचं शिजवतानाच पडलेलं असतं, नाहीतर पाकिटातून, बेकरीतून, हॉटेलातून पोटात गेलेलं असतं, आणि ते मीठ कुणी मोजतच नाही. म्हणून हे पत्रक.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सपाट एक छोटा चमचा सुद्धा नाही, आणि यात सगळं आलं, शिजवलेलं, विकतचं, सगळं. जगभरात सरासरी माणूस याच्या दुप्पट खातो. मिठातलं जास्तीचं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं, रक्ताचं प्रमाण वाढतं, आणि तेवढ्याच नळ्यांमधून जास्त रक्त ढकलायचं म्हटल्यावर प्रेशर वाढणारच ना.

आता एक पाकीट हातात घ्या, कुठलंही. मागे छोट्या अक्षरात तक्ता असतो, त्यात सोडियम शोधा. समजा 100 ग्रॅमला 800 मिलिग्रॅम लिहिलंय. त्याला अडीचने गुणा, 2000 मिलिग्रॅम, म्हणजे 2 ग्रॅम मीठ. पाकीट 150 ग्रॅमचं असेल आणि ते एका बैठकीत संपलं तर 3 ग्रॅम झालं, दिवसाच्या कोट्यातलं निम्म्याहून जास्त, आणि अजून जेवण व्हायचंय! काही पाकिटांवर सोडियमऐवजी थेट मीठच लिहिलेलं असतं, तिथे गुणायचं नाही. आणि "एका सर्व्हिंगला" असं लिहिलं असेल तर ते सर्व्हिंग किती ग्रॅमचं ते आधी बघा, इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. ब्रेड खारट लागत नाही म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही, पण रोज दोन वेळा खाल्ला की त्याचंही मीठ बरंच होतं. सॉस, चीज, इन्स्टंट सूप, नूडल्सचा मसाला, सगळीकडे हाच हिशोब. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्यांमध्येही भरपूर सोडियम असू शकतं, रोज घेत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

गुलाबी मीठ, समुद्री मीठ चालेल का, हे तर रोज कुणीतरी विचारतंच. रंग वेगळा, भाव वेगळा, पण आत मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड, त्यामुळे त्याने बीपीला काही फायदा नाही.

पण नुसतं मीठ तोडून भागत नाही, ताटात काय वाढवलं हेही तितकंच महत्त्वाचं, आणि आम्हाला स्वतःला हा भाग जास्त आवडतो कारण यात काही सोडायचं नसतं. 1997 मध्ये अमेरिकेत डॅश नावाच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला, 459 लोक होते, त्यात भाज्या, फळं, कमी फॅटचं दूध-दही भरपूर आणि एकूण फॅट कमी असं जेवण 8 आठवडे दिलं. ज्यांचं बीपी आधीच जास्त होतं त्यांचं वरचं सरासरी 11 ने आणि खालचं साधारण 5 ने उतरलं, आणि गंमत म्हणजे त्यात मीठ कमी केलेलं नव्हतं! नंतर 2001 मध्ये त्याच जेवणात मीठही कमी करून पाहिलं तर अजून उतरलं.

भाज्या-फळांमधलं पोटॅशियम जास्तीचं सोडियम लघवीवाटे बाहेर काढायला मदत करतं. केळी, बटाटा, पालक, कडधान्यं, यात ते चांगलं असतं. पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम वाढणं धोक्याचं ठरू शकतं, म्हणून "लो सोडियम मीठ" डॉक्टरांना न विचारता अजिबात आणू नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.

वजन जास्त असेल तर दर किलोमागे बीपी साधारण 1 पॉइंट उतरतं. दारू जितकी कमी तितकं बरं. आणि ज्येष्ठमध जास्त खाल्लं तर बीपी वाढतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

पहिले काही दिवस जेवण अळणी लागेल, लागू दे. लिंबू, मिरी, लसूण, आलं सढळ हाताने वापरा. काही आठवड्यांत जीभ सरावते आणि मग पूर्वीचंच जेवण खारट लागायला लागतं.

एक कळकळीने सांगतो, आहार सुधारला म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, रीडिंग उतरायला लागलं तर डोस डॉक्टर ठरवतील. आणि 180/120 च्या वर गेलं, सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं अडखळतंय असं काही असेल तर आम्हाला फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

पहिल्या भेटीला येताना आठवडाभराचं रीडिंग लिहून आणा, पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, न बोलता घेतलेलं, त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको. सोबत घरातली रोजच्या वापरातली चार-पाच रिकामी पाकिटं आणा. आपण ती टेबलावर मांडून एकेकाचा हिशोब करू.