कॉन्ट्रास्ट द्रव्य : रक्ताभिसरणावरील परिणाम

सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून शिरेतून वा धमनीतून टोचले जाणारे, क्ष-किरण अडवणारे आयोडीनयुक्त द्रव्य. बोलण्यात त्याला ‘डाय’ म्हणतात. सुताची रंगाई पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या सोलापुरात या शब्दाने रक्ताला रंग चढतो असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हा द्रव पाण्यासारखा स्वच्छ असतो.

रक्ताभिसरणावरील त्याचा परिणाम मुख्यतः तर्षणदाबातून, म्हणजे विरघळलेल्या कणांमुळे पाणी ओढून घेणाऱ्या दाबातून घडतो. रक्तद्रवाची तर्षणता (विरघळलेल्या कणांचे प्रमाण) किलोग्रॅममागे सुमारे २९० मिलीऑस्मोल असते. जुन्या आयनी, म्हणजे विरघळताना भारित कणांत फुटणाऱ्या, द्रव्यांची १,५०० च्या पुढे जाई, तर आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या आयोहेक्झॉलची, मिलिलिटरमागे ३०० मिलिग्रॅम आयोडीन असताना, ६७२ असते. रक्ताहून जास्त तर्षणतेचा असा द्रव शिरेत शिरताच आसपासच्या ऊतींतले आणि तांबड्या पेशींतले पाणी रक्तद्रवात ओढले जाते, रक्ताचे आकारमान तात्पुरते वाढते आणि धमनिका (बारीक धमन्या) सैलावतात. टेबलावर झोपलेल्या रुग्णाला घशापासून ओटीपोटापर्यंत ऊब पसरल्यासारखी, कधी नकळत लघवी झाल्यासारखी वाटते, ती यामुळेच. ही भावना बहुधा मिनिटाभरात ओसरते. रक्तदाब क्षणभर उतरू शकतो. पाणी गमावलेल्या तांबड्या पेशी ताठरतात व केशवाहिन्यांतून कष्टाने सरकतात. हृदय दुबळे असल्यास वाढलेल्या रक्ताचा भार त्याला जड जातो.

आयोडिक्झॅनॉल या दुसऱ्या कॉन्ट्रास्ट द्रव्याची तर्षणता रक्ताइतकीच असली तरी ते वाहायला अधिक घट्ट असते, म्हणून टोचण्यापूर्वी ३७ अंश सेल्सिअसपर्यंत कोमट करणे हिताचे ठरते.

मूत्रपिंडात रक्तवाहिन्या आधी थोड्या रुंदावतात, मग दीर्घकाळ आकसतात, आणि मुळातच कमी ऑक्सिजनवर चालणाऱ्या आतल्या भागाला झळ बसते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळतात तो टाकाऊ पदार्थ) वाढलेच तर ते ४८ ते ७२ तासांत दिसते. निरोगी मूत्रपिंडांना हा धोका पूर्वी समजला जाई त्याहून बराच कमी आहे. काळजी घ्यायची ती मूत्रपिंडांची गाळणक्षमता (ईजीएफआर) मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली गेलेल्यांची. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. अक्कलकोट वा मंगळवेढ्याहून सकाळच्या एसटीने येणारा रुग्ण ‘उपाशी या’ या सूचनेचा अर्थ पाणीही न पिणे असा घेतो, तेव्हा मूत्रपिंडांकडचा रक्तप्रवाह तपासणीआधीच रोडावलेला असतो. साधे पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल, हे त्याला स्वतंत्रपणे आणि स्पष्ट सांगायलाच हवे.

मूत्रपिंडे चांगली असल्यास निम्मे द्रव्य सुमारे दोन तासांत व जवळजवळ सगळे २४ तासांत लघवीवाटे बाहेर पडते. लघवीला रंग येत नाही.