कडक भाकरी पोटात गेल्यावर काय होतं? (पाकिटासोबतची माहिती)

नमस्कार. सोलापुरातून कडक भाकरी आणि शेंगा चटणीच्या ऑर्डरी पुण्या-मुंबईला जायला लागल्यापासून आम्हाला फोनवर भावापेक्षा पोटाचेच प्रश्न जास्त येतात. भाकरीने गॅस होतो का, चटणीने ॲसिडिटी वाढते का, बाबांना पोट साफ होत नाही तर चालेल का, मूळव्याध असेल तर काय करायचं. सगळ्यांना फोनवर नीट सांगणं जमत नाही म्हणून हे छापून पाकिटात टाकतोय. एक आधीच सांगतो, आमची भाकरी जेवण आहे, औषध नाही, आणि ती खाऊन पोटाचे सगळे विकार बरे होतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आमच्या नावावर सांगितलं तरी.

घास तोंडात गेल्यापासून

पचन तोंडातच सुरू होतं. लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, ते ज्वारीतला स्टार्च तोडायला लागतं, म्हणून भाकरीचा तुकडा नुसताच बराच वेळ चावत राहिलात तर थोडा गोडसर लागतो, करून बघा. दिवसाला एक ते दीड लिटर लाळ तयार होते. आता कडक भाकरी कशी होते ते बघा, आमच्याकडच्या मावश्या पातळ थापून आधी तव्यावर भाजतात, मग मंद आचेवर तिच्यातली ओल पार जाईपर्यंत ठेवतात, बोटाने दाबल्यावर कट्ट आवाज आला तरच ती पाकिटात जाते. ओल नाही म्हणून टिकते, आणि ओल नाही म्हणूनच ती निवांत चावून खायला लागते. कवळी असलेल्या आजी-आजोबांना द्यायची तर आमटीत नाहीतर कालवणात चुरून चांगली मुरू द्या मगच द्या, कोरडा मोठा तुकडा वरून पाणी पिऊन ढकलायचा नाही, घशात अडकतो.

गिळलेला घास साधारण २५ सेंटीमीटरच्या अन्ननलिकेतून काही सेकंदात जठरात उतरतो. तिथे हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि पेप्सिन, आणि जठर सगळं घुसळत राहतं, दोन ते चार तास, तेलकट जेवण असेल तर अजून जास्त वेळ, म्हणून भजी खाल्ली की संध्याकाळपर्यंत पोट जड वाटतं. पुढे लहान आतडं, लहान म्हणतात पण लांबी सहा मीटरच्या आसपास. लिव्हरमधलं पित्त आणि स्वादुपिंडाचा रस इथे येऊन मिळतो, चटणीतलं शेंगदाण्याचं तेल पचतं ते या दोघांमुळे, आणि बहुतेक सगळं सत्त्व इथूनच रक्तात जातं. उरलेला चोथा दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात जातो, तिथे पाणी शोषलं जातं आणि तिथले बॅक्टेरिया फायबर आंबवतात, त्यातून गॅस होतो. म्हणजे थोडाफार गॅस होणं हे पोट चालू असल्याचं लक्षण आहे, आजार नाही.

चटणीने अल्सर होतो का

नाही होत. पूर्वी डॉक्टरही तिखट आणि टेन्शनला दोष द्यायचे. मग १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी जठरातला जंतू शोधला, हेलिकोबॅक्टर पायलोरी, लोकांना पटेना म्हणून मार्शलनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन दाखवला आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अल्सरची मोठी कारणं दोन, एक हा जंतू, ज्यावर अँटिबायोटिकचा कोर्स असतो, आणि दुसरं अंगदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन वगैरे मनानेच रोज घेऊ नका ओ, सोलापुरात यंत्रमागावर दिवसभर उभं राहणारे, विडी वळायला वाकून बसणारे किती लोक आहेत, पाठ-कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून गोळी आणतात आणि उपाशीपोटी घेतात. पण ज्यांना आधीच अल्सर आहे किंवा जळजळ होते त्यांना तिखट झोंबणारच, त्यांनी चटणी बंद ठेवावी नाहीतर दह्यात कालवून थोडीशीच घ्यावी.

छातीत जळजळ होते ती वेगळी गोष्ट. अन्ननलिका आणि जठराच्या मध्ये एक झडप असते, ती ढिली पडली की ॲसिड वर येतं. जेवल्या जेवल्या आडवं होणं, पोट तटतटेपर्यंत खाणं, वाढलेलं वजन, सिगारेट, दारू, यांनी ते वाढतं. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास ठेवा आणि पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून थोडी उंच करा, नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही. ॲसिड कमी करायची गोळी महिनोन्महिने स्वतःच चालू ठेवली असेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण खाली काय चाललंय ते गोळीमुळे झाकलं जातं.

आणि हे प्लीज घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, दुखणं हात, जबडा किंवा पाठीकडे जातंय, दम लागतोय, तर गॅस झालाय म्हणून सोडा पीत बसू नका, ओवा चावत बसू नका, १०८ ला फोन करा. हार्ट अटॅकला गॅस समजून घरी थांबलेली माणसं गेलेली आहेत. बायकांमध्ये आणि शुगर असलेल्यांमध्ये कधीकधी छातीत फारसं दुखतच नाही, नुसती मळमळ, थकवा, अस्वस्थपणा असतो.

पोट साफ न होणं

आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होणं किंवा खडा होऊन जोर लावायला लागणं म्हणजे बद्धकोष्ठ. रोज सकाळी सातलाच झालं पाहिजे असं काही नसतं. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ग्रॅम तरी फायबर लागतं, १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम असतं आणि मैद्यात तीनच्याही आत, त्यामुळे पावा-बिस्किटाच्या जागी भाकरी आली तर फरक पडतो. पण एकदम सुरू केलं तर पोट फुगतं, हळूहळू वाढवा, आणि सोबत पाणी पाहिजेच, सोलापूरचा उन्हाळा ४३ डिग्रीच्या पुढे जातो, घामात पाणी गेलं की आतडं मळातलं उरलंसुरलं पाणीही ओढून घेतं. लोहाच्या गोळ्यांनीही बद्धकोष्ठ होतं. आणि आलेली कळ दाबून ठेवू नका. कामाच्या ठिकाणी बायकांना संडासची सोय नसते म्हणून त्या पाणीच कमी पितात, हे आम्ही रोज ऐकतो, फार वाईट वाटतं. आमच्याकडे मावश्यांनी जायला कुणाला विचारायचं नाही असा नियम आहे.

रक्त पडलं तर मूळव्याधच असेल असं घरी ठरवू नका. डांबरासारखी काळी शी, कारण नसताना उतरणारं वजन, घास अडकणं, रक्त कमी होणं, चाळिशी-पन्नाशीनंतर सवयीत अचानक बदल, यातलं काहीही असेल तर तपासून घ्या, लाजू नका.

जुलाब लागले तर भाकरी राहू द्या, आधी पाणी. ओआरएसचं पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा म्हणजे दोन्हीला चहाचा छोटा चमचा, मीठ जास्त घालायचं नाही. मऊ भात-वरण, केळं, दही चालतं. लहान बाळ सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली तर लगेच दवाखाना.

आता आमच्या मालाबद्दल खरं ते. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हात असतं ते प्रथिन, नसतं, म्हणून सिलिॲक, म्हणजे ग्लुटेन न चालणारा आतड्याचा आजार, असलेले बरेचजण ऑर्डर देतात. पण आमच्याकडे त्याच खोलीत गव्हाची शेंगा पोळी लाटली जाते, पीठ उडतं, त्यामुळे सिलिॲकवाल्यांनी आमच्याकडून घेऊ नका, ऑर्डर गेली तरी चालेल. आणि सिलिॲकचा संशय असेल तर तपासणीच्या आधी गहू बंद करू नका, रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी तर चटणीच काय, आमचं काहीच घेऊ नका. शुगर असेल तर भाकरीही मोजूनच खा, तोही स्टार्चच.

पाकीट फोडल्यावर भाकरी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. चटणीला कोरडा चमचा वापरा, पावसाळ्यात जास्त सांभाळा. खवट वास आला किंवा बुरशी दिसली तर वरचा भाग काढून खाऊ नका, शेंगदाण्यावरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन असू शकतं, ते लिव्हरला घातक असतं आणि भाजून जात नाही. फोटो पाठवा, पाकीट बदलून देऊ.