इंटार्सिया आणि सेगमेंटेशन : सीमारेषा एकदा कापायची की दोनदा?

स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक उभ्या पात्याच्या यंत्रकरवतीवर, तयार केलेली उठावदार लाकडी चित्रे, मग तो पोपट असो वा घोड्याचे मुख, पाहणाऱ्याला एकाच पद्धतीची वाटतात. सर्वांतच लहान तुकडे कडा गोलसर घासून पाठीमागच्या पातळ प्लायवर चिकटवलेले असतात. तरीही त्यांतील काही चित्रे इंटार्सियाची असतात, तर काही सेगमेंटेशनची. निरनिराळी लाकडे वापरली की इंटार्सिया आणि एकाच फळीचे तुकडे रंगवले की सेगमेंटेशन, अशी व्याख्या सर्रास दिली जाते. ती बरोबर असली तरी यंत्रावर बसणाऱ्याच्या फारशी उपयोगाची नाही. त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, शेजारच्या दोन तुकड्यांमधली सीमारेषा पहिल्या पद्धतीत दोनदा कापावी लागते आणि दुसरीत एकदाच.

सेगमेंटेशनमध्ये नक्षीचा कागद एकाच फळीवर चिकटवून त्याच्या रेषांवरून पाते फिरवतात. एकाच कापातून दोन्ही तुकड्यांच्या कडा तयार होत असल्याने हात थोडा हलला, तरी तोच बाक दोन्हीकडे उमटतो आणि तुकडे एकमेकांत बसतात. मध्ये उरते ती फक्त कापाच्या रुंदीइतकी फट; 5 नंबरच्या साध्या पात्याची जाडी सुमारे 0.4 मिलिमीटर असते. चिकटवताना तुकडे जवळ सरकवले, की अशा अनेक फटी मिटून संपूर्ण चित्र मूळ नक्षीपेक्षा किंचित लहान होते. म्हणून पाठीचा प्लाय आधी न कापता, जुळवलेल्या चित्रावरून आखून मग कापणे श्रेयस्कर.

इंटार्सियात हा आधार नसतो. पोपटाचे अंग एका लाकडातून आणि पंख दुसऱ्यातून काढायचे असल्यामुळे तीच रेषा दोन वेगळ्या फळ्यांवर, दोन वेगळ्या वेळी कापली जाते, आणि हाताची चूक दोन्हीकडे सारखी होईल याची खात्री नसते. त्यातही यंत्राच्या टेबलाचा कोन हा सर्वांत फसवा भाग आहे. पाते टेबलाशी काटकोनात नसेल, तर सेगमेंटेशनमध्ये दोन्ही कडा एकाच उताराच्या निघतात आणि परस्परांना पूरक ठरतात. इंटार्सियात मात्र प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे, पाते त्याच्या एकाच बाजूस ठेवून कापलेला असतो. त्यामुळे कोन चुकला, तर सगळेच तुकडे, समजा, खाली रुंद आणि वर अरुंद होतात; शेजारी ठेवले की तळाशी टेकतात आणि नेमकी वरच्या, दिसणाऱ्या बाजूला फट पडते. काम सुरू करण्यापूर्वी गुण्या लावून पाते तपासणे सेगमेंटेशनमध्ये चांगली सवय म्हणता येईल. इंटार्सियात ते टाळून चालतच नाही. (दोन फळ्या एकावर एक ठेवून टेबल मुद्दाम थोडे तिरपे करण्याची जडावाची पद्धत याच उताराचा फायदा घेते, कारण एका फळीतला तुकडा दुसरीच्या भोकात घट्ट बसून फट मिटवतो.)

तयार चित्र ओळखायचे असेल, तर रंगापेक्षा लाकडाच्या रेषांकडे पाहावे. त्या सांध्यापलीकडे त्याच दिशेने चालू राहिल्या, तर बहुधा ते सेगमेंटेशन. इंटार्सियाचा कारागीर पिसाच्या रेषा पिसाच्या लांबीने आणि मानेच्या रेषा मानेच्या वळणाने घेतो, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे सौंदर्य त्यातच आहे.

इंटार्सिया हे नाव मात्र यंत्राहून फार जुने आहे. 1470 च्या दशकात इटलीतील उर्बिनोच्या ड्यूकच्या राजवाड्यात अभ्यासिकेच्या भिंतींवर असे काम झाले, पण ते पूर्णपणे सपाट असून खोलीचा आभास केवळ रेखाटनातून निर्माण होतो. आजच्या स्क्रोल सॉवरच्या इंटार्सियाचा उठाव त्यात नाही.

आपल्याकडे इंटार्सियासाठी काळपट शिसव, तपकिरी सागवान आणि पिवळा फणस एवढ्यावरही छटांची चांगली सोय होते. मात्र फणसाचा पिवळेपणा काळाबरोबर तपकिरीकडे झुकतो, हे रंगसंगती ठरवतानाच धरून चालावे. सागवानात तेल असल्याने सांध्याची कड चिकटवण्यापूर्वी अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावी.