खर्ऱ्याच्या पन्नीचा उत्पादक कोण?

विदर्भात पानठेल्यावर खर्रा घोटतात तो प्लास्टिकच्या पातळ पन्नीत. सुपारी, तंबाखू, चुना त्यात रगडायचा आणि त्याच पन्नीला पीळ देऊन गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा. खर्रा संपला की पन्नी नालीत. तिच्यावर ना कंपनीचे नाव, ना जाडी, ना नोंदणी क्रमांक. कृषी केंद्रातून आणलेल्या कपाशीच्या 475 ग्रॅमच्या पाकिटावर मात्र कंपनीचे नाव-पत्ता ठळक छापलेला असतो. दोन्ही शेवटी एकाच उकिरड्यावर पडतात. पण कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम पाकिटाला ओळखतात, पन्नीला ओळखत नाहीत.

ही कल्पना स्वीडनची. थॉमस लिंडक्विस्ट यांनी 1990 मध्ये ती मांडली: जो वस्तू बाजारात आणतो, त्यानेच तिच्या शेवटाचा खर्च सोसावा. पुढच्याच वर्षी जर्मनीने वेष्टनांसाठी तसा नियम केला. आपल्याकडे 2000 चे घनकचरा नियम फक्त शहरांपुरते होते, गाव त्यात नव्हतेच. 2011 च्या प्लास्टिक नियमांत उत्पादकाची जबाबदारी आली, पण तिची सुरुवात नगरपालिकेने करायची होती. ग्रामपंचायत चित्रात आली ती 18 मार्च 2016 च्या नियमांनी. कंपन्यांनी सहा महिन्यांत गोळा करण्याची व्यवस्था ठरवावी, असे त्यात होते. किती टन गोळा करायचे, हा आकडा नव्हता. मग पुढे काय झाले असेल, हे सांगायची गरज नाही. 2018 च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या रिकाम्या पिशवीला 50 पैसे परत देण्याची तरतूद होती. गावच्या दुकानात ते 50 पैसे कोणी मागितले असतील तर नवलच.

केंद्राच्या नियमांत आकडे आले 16 फेब्रुवारी 2022 ला. वेष्टनांचे चार वर्ग पडले: कडक प्लास्टिक, लवचीक प्लास्टिक, प्लास्टिकसोबत ॲल्युमिनियम किंवा कागदाचा थर असलेले, आणि कंपोस्ट होणारे. 2023-24 पासून जबाबदारी 100 टक्के झाली. त्यातले किमान किती पुनर्चक्रीकरणात जावे, तेही ठरले: 2024-25 साठी कडक प्लास्टिकचे 50 टक्के, पुढच्या दोन वर्गांचे 30 टक्के, आणि 2027-28 पासून अनुक्रमे 80 आणि 60 टक्के. कंपनीने स्वतः माल गोळा करायचा किंवा पुनर्चक्रीकरण कारखान्याकडून प्रमाणपत्र विकत घ्यायचे.

गोम इथेच आहे. प्रमाणपत्र टनावर मिळते, ठिकाणावर नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीत विकलेल्या पाकिटाचा हिशेब दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात चुकता होऊ शकतो आणि नियमाने ते बरोबरच असते. साहजिकच कारखाना माल उचलतो तो जवळचा, स्वच्छ आणि जड. खोट्या प्रमाणपत्रांचा प्रश्न वेगळाच. 2023 च्या केंद्रीय तपासणीत अशी सुमारे 6 लाख प्रमाणपत्रे सापडली.

अमेरिकेतल्या काही राज्यांनी क्रम उलटा ठेवला. मेरीलँड आणि इलिनॉय यांनी 2023 मध्ये कायदा केला तो आधी राज्याची गरज मोजण्याचा: कचरा कुठे किती निघतो, गाडी कुठवर जाते, कारखाने किती, तूट किती. आपण उद्दिष्ट आधी दिले आणि मोजणी मागे ठेवली.

विदर्भातल्या एका तालुक्याची मोजणी करायची तर शहरातला ठोकताळा चालत नाही. शहरात आठवडाभर नमुने घेतले तरी अंदाज येतो. इथे कचरा हंगामावर चालतो. जूनमध्ये बियाण्यांची पाकिटे, ऑगस्ट-सप्टेंबरात फवारणीच्या बाटल्या, मिरची-टरबुजाच्या वावरातून निघणारा मल्चिंग पेपर (नावाला पेपर, पण वाफ्यावर अंथरायचे प्लास्टिकच), आणि बाराही महिने खताची पोती. म्हणून वर्षातून निदान तीनदा नमुने घ्यावे लागतात. पद्धत सोपी आहे: ढीग नीट कालवायचा, सपाट करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि उरलेल्यावर तेच पुन्हा करायचे. हाताळता येईल एवढा ढीग राहिला की वर्गवारी करून वजन. मल्चिंग पेपर मात्र धुऊन, वाळवूनच काट्यावर घ्यावा. मातीसकट मोजला तर अर्ध्याहून अधिक वजन मातीचेच भरू शकते आणि कारखान्यातून माल परत येतो.

पोत्यांची तऱ्हा आणखी निराळी. युरियाचे 45 किलोचे पोते रिकामे झाले म्हणून कचरा होत नाही. त्यात धान्य भरतात, कापूस वेचून आणतात, पावसाळ्यात ते गोठ्यावर टाकतात. उन्हाने पोते चुरते, धागे सुटतात आणि कापसात जातात. जिनिंगमध्ये ते निघाले नाहीत तर कापडावर रंग धरत नाहीत, पांढरे ठिपके दिसतात. हे नुकसान कचऱ्याच्या हिशेबात येत नाही, कापसाच्या भावात येते.

सगळ्यात अवघड जागा कीटकनाशकाच्या बाटलीची. प्लास्टिक म्हणून ती पहिल्या वर्गात, पण आत औषध राहिलेली बाटली हा घातक कचरा. 1971 चे कीटकनाशक नियम सांगतात की रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. पण आजही धुऱ्याला, विहिरीच्या काठाला बाटल्या पडलेल्या दिसतात. तीनदा विसळण्याची रीत अशी: बाटली अर्धा मिनिट उलटी धरायची, पाव भाग पाणी घालून अर्धा मिनिट हलवायची, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचे, असे तीनदा करून बुडाला भोक पाडायचे, म्हणजे कोणी त्यात तेल-पाणी भरणार नाही. विसळलेली आणि न विसळलेली एकत्र आली की भंगारवाल्याचे सगळे पोतेच घातक ठरते.

पैशाचे म्हणाल तर स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्यामागे एका प्लास्टिक केंद्राला 16 लाखांपर्यंत तरतूद होती. यंत्र त्यात येते, अडचण गाडीभाड्याची. पन्न्या मोकळ्या भरल्या तर छोटा हत्ती दीड-दोनशे किलोतच भरतो. म्हणून गठ्ठा बांधायचे दाबयंत्र आधी हवे, तुकडे करायचे नंतर. बाकी, ज्याचे पुनर्चक्रीकरण होत नाही तो माल सिमेंटच्या भट्टीत जाळायला नियमाने वाव आहे आणि चंद्रपूर जिल्ह्यात अशा भट्ट्या आहेत. त्यात पीव्हीसीचे तुकडे मिसळलेले मात्र चालत नाहीत, क्लोरीन भट्टीला सोसत नाही.

प्लास्टिक नियमांच्या मार्च 2024 च्या दुरुस्तीने स्थानिक संस्थांवर दरवर्षी 30 जूनपर्यंत प्लास्टिक कचऱ्याचे मूल्यमापन करण्याची जबाबदारी टाकली. विदर्भात तेव्हा पेरणी जोरात असते. त्याच आठवड्यात ढीग पालथा घातला तर बियाण्यांची पाकिटे भरपूर सापडतील. फवारणीच्या बाटल्या अजून कृषी केंद्राच्या फळीवरच असतील.