डायल टोन कुठून यायचा

घरचा फोन ठेवायचा की काढून टाकायचा, हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. बिल भरताना निघतो, घर बदलताना निघतो आणि आईवडील एकटे राहत असतील तर हमखास निघतो. एकाचं म्हणणं असतं, प्रत्येकाकडे मोबाइल असताना तारेचा फोन कशाला? दुसरा म्हणतो, अडीनडीला तोच चालतो, राहू दे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दुसऱ्याचा विश्वास ज्या गोष्टीवर उभा आहे, तीच आता बऱ्याच ठिकाणी राहिलेली नाही. हे कसं झालं ते समजायला फोनच्या सुरुवातीपर्यंत मागे जावं लागतं.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचं पेटंट ७ मार्च १८७६ रोजी मिळालं. तीनच दिवसांनी बोस्टनमध्ये त्यांनी मारलेली हाक शेजारच्या खोलीतल्या थॉमस वॉटसन यांना तारेवरून ऐकू गेली. सुरुवातीला फोन जोडीनेच भाड्याने मिळत: एक दुकानात, एक घरी, मध्ये एक तार. आणखी कुणाशी बोलायचं तर आणखी एक तार. २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे हा पसारा आवरला गेला. २१ ग्राहकांच्या तारा एका फळ्यावर आणून सोडल्या आणि मागेल त्याची तार मागेल त्याला जोडून द्यायला माणूस बसवला. पहिलं व्यावसायिक एक्स्चेंज ते हेच. घरातली तार तेव्हापासून एक्स्चेंजकडे जाऊ लागली आणि घरच्या फोनचा पुढच्या सव्वाशे वर्षांचा स्वभाव तिथेच ठरला.

त्या काळी फोनला लागणारी वीज मात्र घरातच असायची. भिंतीवरच्या लाकडी पेटीत बॅटरी आणि बाजूला हँडल. हँडल गरागरा फिरवलं की आतला मॅग्नेटो वीज तयार करायचा, एक्स्चेंजमध्ये इशारा जायचा आणि ऑपरेटर लाइनवर यायची. हजारो घरांतल्या बॅटऱ्या सांभाळायच्या म्हणजे माणसं सतत दारोदार फिरवायची. १८९० च्या दशकात यावर तोडगा निघाला. बॅटऱ्या घरांतून उचलून एक्स्चेंजमध्ये एकत्र ठेवायच्या आणि आवाज नेणाऱ्या त्याच दोन तारांतून फोनला वीजही पोचवायची. याला ‘कॉमन बॅटरी’ म्हणत. देखभालीची कटकट संपली, हा तर फायदा झालाच. पण घरची वीज गेली तरी फोन चालू राहणार, ही त्याहून मोठी गोष्ट त्यातून हाती आली. तारेच्या फोनची सारी पुण्याई इथे आहे.

हे चालतं कसं, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. एक्स्चेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्यांच्या रांगा असतात, त्यांच्या मागे डिझेलवरचा जनरेटर. तिथून तांब्याच्या जोडीवर ४८ व्होल्ट सोडलेले असतात. रिसीव्हर जागेवर असताना सर्किट तुटलेलं असतं. तो उचलला की खालचा खटका वर येतो, सर्किट पूर्ण होतं, अगदी थोडी वीज वाहू लागते आणि तेवढ्यावरून एक्स्चेंजला कळतं की अमक्या लाइनवर कुणीतरी फोन उचलला. मग डायल टोन, म्हणजे नंबर फिरवण्याआधीचा तो सलग सूर, येतो. घंटी वाजवायची असेल तेव्हा त्याच तारांवर सुमारे ९० व्होल्टचा एसी प्रवाह सोडतात. आणखी एक बारकावा. एक्स्चेंजमध्ये बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडतात, म्हणजे तारेवरचा दाब जमिनीच्या तुलनेत ऋण राहतो. त्यामुळे ओल लागली तरी तांबं झिजत नाही. पुढची कित्येक वर्षं मातीत पडून राहणाऱ्या तारेची कुणीतरी इतकी काळजी वाहिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमच्याकडे एकदा रात्री वीज गेली ती तासन्‌तास आली नाही. मोबाइलवर रेंजची एकच दांडी, बॅटरी चार टक्के. हॉलमधला कॉर्डलेस उचलला तर तो मुका. शेवटी कपाटाच्या वरच्या फळीवरचा जुना वायरचा फोन काढला, धूळ झटकली, चाचपडत पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये खट्‌कन बसवली आणि रिसीव्हर कानाला लावला. तो सलग सूर ऐकून घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. लाइन सगळा वेळ चालूच होती. बंद पडला होता तो कॉर्डलेसचा स्टँड, कारण त्याला घरातली वीज लागते. कॉर्डलेस घेतला तेव्हाच आपण एक्स्चेंजच्या बॅटरीचा आधार सोडला, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

मधल्या काळात ऑपरेटरची जागा यंत्राने घेतली. कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या ऑल्मन स्ट्राउजर यांनी आपोआप लाइन जोडणाऱ्या स्विचचं पेटंट १८९१ मध्ये मिळवलं. आपली गिऱ्हाइकं ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्यांना संशय होता, असं सांगतात. त्यांच्या पद्धतीचं पहिलं एक्स्चेंज १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात सुरू झालं.

तारेच्या फोनचा दुसरा मोठा गुण म्हणजे त्याचा पत्ता. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागून पाच स्त्रिया दगावल्या. शेजारी अग्निशमन दलाला फोन लावत होते, पण एक्स्चेंजमध्ये बाकीच्या कॉलच्या रांगेत अडकून पडले. त्यावरून गदारोळ झाला आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा आणीबाणीचा क्रमांक सुरू झाला. तो फिरवला की ऑपरेटरसमोर लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे. पुढे अमेरिकेत ९११ आला आणि १९७० च्या दशकापासून फोन करणाऱ्याचा पत्ता पडद्यावर आपोआप दिसू लागला. तार एका ठरावीक घराचीच असल्यामुळे यात अंदाजाला वावच नव्हता. घाबरलेलं मूल, बोलता न येणारा रुग्ण, कुणीही नुसता नंबर फिरवून रिसीव्हर खाली टाकला तरी मदत कुठे पाठवायची ते कळायचं. मोबाइलने हीच सोय मोडली.

मोबाइलची मुळं वाटतात त्याहून जुनी आहेत. १७ जून १९४६ रोजी सेंट लुइसमध्ये मोटारीतल्या फोनची सेवा सुरू झाली. पण शहरासाठी एकच उंच अँटेना आणि मोजके चॅनल. पुढे सुधारलेल्या पद्धतीतही न्यूयॉर्कमधल्या सुमारे दोन हजार ग्राहकांना बाराच चॅनल होते आणि फोन लागायला अर्धा तास थांबावं लागे. यावरचा उपाय कागदावर मात्र केव्हाच मांडलेला होता. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी फोन कंपनीच्या संशोधनशाळेतले डग्लस रिंग यांनी एका अंतर्गत टिपणात लिहिलं, की एका मोठ्या अँटेनाऐवजी शहराचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोनी भाग पाडावेत, प्रत्येक भागाला कमी ताकदीचा छोटा अँटेना द्यावा आणि पुरेशा अंतरावरच्या भागांत तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरावी. या भागाला इंग्रजीत सेल म्हणतात, म्हणून तो सेलफोन. माणूस एका सेलमधून दुसऱ्यात गेला तरी बोलणं न तुटता पुढच्या अँटेनाकडे कसं सोपवायचं, याचं पेटंट एमॉस जोएल यांना १९७२ मध्ये मिळालं. कल्पनेला पंचवीस वर्षं थांबावं लागलं, कारण ती चालवणारे झटपट संगणकी स्विच तोवर नव्हते आणि फ्रिक्वेन्सीची परवानगीही लवकर मिळत नव्हती.

३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोला कंपनीचे मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या, सुमारे एक किलो वजनाच्या फोनवरून कॉल केला, आणि तोही प्रतिस्पर्धी बेल लॅब्जमधल्या जोएल एंगल यांना. कूपर यांनी नंतर वेळोवेळी मांडलेला मुद्दा असा, की माणसाला घराशी किंवा टेबलाशी बोलायचं नसतं, त्याला माणसाशी बोलायचं असतं. घरचा फोन की मोबाइल या सगळ्या चर्चेच्या मुळाशी हाच फरक आहे. तारेच्या फोनवर नंबर घराचा असायचा. “आहेत का घरी?” असं विचारावं लागायचं, दुसऱ्याने उचलला तर दोन शब्द त्याच्याशीही व्हायचे, निरोप ठेवला जायचा. मोबाइलवर नंबर माणसाचा झाला.

पुढचा वेग थक्क करणारा आहे. १९७९ मध्ये टोकियोत, १९८१ मध्ये उत्तर युरोपात आणि १९८३ मध्ये शिकागोत सेलफोन सेवा सुरू झाल्या. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये जीएसएम या डिजिटल मोबाइल पद्धतीच्या जाळ्यावर पहिला व्यावसायिक कॉल झाला. २००२ साली जगातल्या मोबाइल जोडण्यांनी तारेच्या जोडण्यांना मागे टाकलं. नोव्हेंबर २००३ पासून अमेरिकेत घरच्या फोनचा नंबर मोबाइलवर नेता येऊ लागला, म्हणजे इतकी वर्षं भिंतीला चिकटलेला नंबर रीतसर खिशात गेला. २०१६ च्या उत्तरार्धात तिथल्या आरोग्य पाहणीत असं दिसलं, की निम्म्याहून जास्त घरं केवळ मोबाइलवर आहेत.

‘तारेवर आवाज स्पष्ट येतो’ हे वाक्य अजून ऐकू येतं. एकेकाळी ते खरं होतं. तारेचं एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेऊन ६४ किलोबिट वापरतं. सुरुवातीच्या जीएसएममध्ये तोच आवाज १३ किलोबिटमध्ये कोंबलेला असे. त्यातच मोबाइलवर आवाज पोचायला किंचित उशीर लागतो, म्हणून दोघं एकदम बोलतात आणि दोघं एकदम थांबतात. तारेवर असं होत नसे. पण तारेवरचा आवाजही साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्या पट्ट्यातच अडकलेला आहे, तर आजचे मोबाइल, दोन्हीकडे सोय असेल तेव्हा, ७००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज नेतात. स्पष्टतेच्या कारणासाठी घरचा फोन ठेवायची गरज आता उरलेली नाही.

विजेचा मुद्दा मात्र सहज निकालात निघत नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. मोबाइलवर कॉलची झुंबड उडाली आणि काही तासांत टॉवरच्या बॅटऱ्या उतरू लागल्या. वायरचे साधे फोन बहुतेक ठिकाणी चालत राहिले. तरी तारेला अमरपट्टा नव्हता. ८ मे १९८८ रोजी शिकागोजवळच्या हिन्सडेलमध्ये एका एक्स्चेंजला आग लागली आणि सुमारे ३५,००० ग्राहकांच्या लाइन गेल्या. सगळं पूर्ववत व्हायला काही आठवडे लागले. ज्या एका जागेवर सगळा भरवसा, तीच जळाली तर घरातली तार काय कामाची?

मोबाइलने पत्त्याची मोडलेली सोय बरीचशी भरूनही काढली आहे. २०१४ मध्ये ब्रिटनपासून अशी पद्धत सुरू झाली, की आणीबाणीचा नंबर लावताच फोन आपलं ठिकाण शोधून परस्पर मदतकेंद्राला कळवतो. २०१६ मध्ये अँड्रॉइडमध्ये आणि २०१८ मध्ये आयफोनमध्ये ती आली. जिथे मदतकेंद्रांनी ती स्वीकारली आहे, तिथे हायवेवर किंवा डोंगरात अडकलेल्या माणसाला तिचा केवढा आधार आहे! उंच इमारतीत कितव्या मजल्यावर जायचं, हे मात्र तारेच्या पत्त्याइतकं नेमकं अजून सांगता येत नाही.

आणि आता मूळ मुद्दा. आज नवी ‘लँडलाइन’ म्हणून जी जोडणी मिळते ती बहुतेक वेळा फायबरवरची असते. फायबर म्हणजे काच. काचेतून प्रकाश जातो, फोनला चालवणारी वीज जात नाही. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचा घराशी असलेला संबंध इथे तुटतो. फोन तोच, रिसीव्हर तोच, डायल टोनही तसाच ऐकू येतो, पण तो आता घरातल्या छोट्या पेटीत तयार होतो आणि ती पेटी चालते घरच्या विजेवर. ब्रिटनमध्ये जुनं तारेचं जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलं आहे. आधीची मुदत डिसेंबर २०२५ होती. वृद्ध आणि आजारी माणसांच्या गळ्यात मदतीचं बटण असतं, ते याच तारेवर चालायचं. नवीन जोडणीवर ते न चालल्याच्या गंभीर घटना समोर आल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये तिथे ग्राहकांना सक्तीने नव्या जोडणीवर नेणं काही काळ थांबवावं लागलं. ज्यांना घरच्या फोनशिवाय दुसरा आधार नाही, त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास आणीबाणीचा कॉल करता यावा, असं तिथल्या नियामकाने कंपन्यांना सांगितलं आहे. अमेरिकेत २०१५ च्या नियमाने आधी ८ तासांचा आणि नंतर २४ तासांचा बॅटरी बॅकअप ग्राहकाला देऊ करणं कंपन्यांवर बंधनकारक केलं होतं, पण त्या नियमाची मुदत सप्टेंबर २०२५ पर्यंतचीच होती.

म्हणून ‘अडीनडीला चालतो’ या भरवशावर घरचा फोन ठेवणार असाल, तर आधी एक गोष्ट करून पाहा. आईवडिलांच्या घरी गेलात तर तिथे नक्की करा. मेन स्विच बंद करा, वायरचा फोन घ्या आणि रिसीव्हर कानाला लावा. जुन्या तांब्याच्या जोडीवर डायल टोन येईल. आला नाही, तर त्या पेटीला बॅटरी जोडता येते का आणि ती किती तास टिकते, हे कंपनीला फोन करून विचारा.