एकच कोस्टर, एकच दिवस, सहा राइड्स: दरवेळी वेगळी का वाटते?

रोलर कोस्टरचं वेड असलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. एकदा बसून झालं ना, मग परत परत त्याच्यातच काय बसायचं? रूळ तेच, गाडी तीच, वळणं तीच. परवा मी पार्कमध्ये अख्खा दिवस घालवला आणि त्यात एकाच कोस्टरवर सहा वेळा बसले, आणि खरं सांगते, सहाच्या सहा राइड वेगळ्या होत्या. हे नुसतं मनाचं नाहीये, यामागे फिजिक्स आहे आणि ते इतकं छान आहे की सगळ्यांना सांगावंसं वाटतं.

गेट उघडल्या उघडल्या मी सरळ त्याच्याकडेच गेले. सकाळी रांग नसते, स्टेशनवर गाडी उभीच असते, आपल्याला हवी ती रो मिळते. त्याआधी स्टाफने रिकाम्या गाड्या फिरवून टेस्ट केलेली असते. पहिली राइड मी मधल्या डब्यात बसून केली. छान होती, पण शेवटाकडे एक छोटा टेकडा आहे, ब्रेकच्या जरा आधी, तिथे गाडी आरामात वर चढली आणि आरामात खाली उतरली. मी सीटवर बसलेलीच. हा टेकडा लक्षात ठेवा, कारण दिवसभर माझं लक्ष त्याच्यावरच होतं.

आता आधी एक बेसिक गोष्ट. अशा चेनवाल्या कोस्टरला स्वतःचं इंजिन नसतं. चेन गाडीला पहिल्या उंच चढावर ओढत नेते, तेव्हा खाली जो खटखट खटखट आवाज येतो तो गाडीखालच्या लोखंडी खिट्टीचा, ती रुळामधल्या दात्यांवरून एकेक करत पुढे सरकते, म्हणजे चेन तुटली तरी गाडी मागे घरंगळणार नाही. (ज्यांना त्या आवाजाची भीती वाटते त्यांनी उलट त्याच आवाजाने निर्धास्त व्हावं.) माथ्यावर चेन गाडीला सोडते आणि तिथून पुढे मोटर नाही, काही नाही, उंचीवर साठवलेली एनर्जी हाच सगळा खर्चाचा पैसा. ५० मीटर खाली आलात तर घर्षण सोडून दिलं तर वेग होतो ताशी ११३ किलोमीटर, आणि १०० मीटर आलात तर २२६ नाही, १५९ च्या आसपास, कारण वेग उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणून तर वेगाचे रेकॉर्ड करायचे असले की नुसती उंची परवडत नाही, गाडीला ढकलून सोडावं लागतं. अबू धाबीतल्या फेरारी वर्ल्डमधलं फॉर्म्युला रोसा २०१० साली सुरू झालं ते ताशी २४० किलोमीटरला जातं, पण ते लाँच कोस्टर आहे, चेनचं नाही.

हा साठवलेला पैसा वाटेत झिरपत राहतो. चाकांच्या बेअरिंगमध्ये, चाकांवरच्या पॉलियुरेथेनच्या (रबरासारख्या प्लास्टिकच्या) थरात आणि हवेत. म्हणून पुढचा प्रत्येक मोठा टेकडा आधीच्यापेक्षा बुटका ठेवतात. आणि नेमकं हे झिरपणं दिवसभर सारखं नसतं! सकाळी बेअरिंगमधलं ग्रीस थंड आणि घट्ट असतं, पॉलियुरेथेनही थंड असतं. तो थर चाकाच्या दर फेऱ्यात रुळाला टेकतो तिथे जरासा दबतो आणि परत फुगतो, आणि प्रत्येक वेळी थोडी एनर्जी उष्णतेत जाते, थंड असताना हे नुकसान जास्त. दिवसभर गाड्या फिरल्या, ऊन चढलं, की ग्रीस पातळ होतं, चाकं गरम होतात, गरम हवा थोडी विरळही असते, आणि गाडी पळायला लागते. कोस्टरवाले लोक म्हणतात ना की "अजून वॉर्म अप झालेलं नाही", ते अगदी शब्दशः खरं आहे. खूप थंडी असली तर काही कोस्टर उघडतच नाहीत, कारण गाडी एखादा टेकडा ओलांडू न शकता दोन टेकड्यांच्या मध्ये झोके घेत अडकू शकते.

आता तुम्ही म्हणाल की वेगात ताशी चार-पाच किलोमीटरचा फरक पडला तर असं काय मोठं? इथेच खरी गंमत आहे, आणि ही मी कागदावर मांडून बघितली. समजा टेकड्याचा माथा ४० मीटर त्रिज्येच्या गोलाचा तुकडा आहे. गाडी ताशी ७२ किलोमीटरने त्यावरून गेली तर तुमचं सीटवरचं वजन जवळपास शून्य होतं, कारण त्या वेगाने तो वळसा घ्यायला खालच्या दिशेला जेवढा ओढा लागतो तेवढा गुरुत्वाकर्षण एकटंच देतं, सीटला काही कामच उरत नाही. वेग ६८ असेल तर ६० किलोच्या माणसाचं साधारण ५ किलो वजन सीटवर शिल्लक राहतं, म्हणजे तो हलका झालेला असतो पण बसलेला असतो. आणि वेग ७६ असेल तर गुरुत्वाकर्षण पुरत नाही, तो सीटवरून उचलला जातो आणि लॅप बारला, म्हणजे मांड्यांवर येणाऱ्या दांड्याला, त्याला साधारण आठ किलोच्या जोराने खाली दाबून धरावं लागतं. म्हणजे ६८ ते ७६, स्पीडोमीटर बघितला तर फरक काहीच नाही, पण शरीरासाठी बसलेलं असणं आणि उडालेलं असणं हा फरक आहे. कारण यात वेगाचा वर्ग येतो, आणि डिझायनरने टेकडा मुद्दामच शून्याच्या काठावर आणून ठेवलेला असतो. यालाच आम्ही एअरटाइम म्हणतो, हळूवार तरंगलात तर फ्लोटर, बारने अक्षरशः पकडून ठेवावं लागलं तर इजेक्टर.

अमेरिकेतल्या सीडर पॉइंट पार्कचं स्टील व्हेन्जन्स कोस्टर २०१८ ला उघडलं, त्यात एका फेरीत २७.२ सेकंद एअरटाइम आहे असं पार्कच सांगतं. सत्तावीस सेकंद! माझ्या यादीत ते सगळ्यात वर आहे, अजून योग आलेला नाही.

या उडण्यासाठी गाडीही रुळाला धरून राहायला हवी ना. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला लामार्कस थॉम्पसनने लाकडी स्विचबॅक रेल्वे सुरू केली तिचा वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर होता, तिथे हा प्रश्नच नव्हता. मग जॉन मिलर नावाच्या डिझायनरने १९१९ मध्ये रुळाच्या खालून धरणाऱ्या चाकांचं पेटंट घेतलं. आज गाडीचं एक चाकजोड बघितलं तर वरून एक, बाजूने एक, खालून एक अशी तीन दिशांनी चाकं रुळाला मिठी मारून असतात. एक्झिटच्या जिन्यावरून ती जवळून दिसतात, खालची चाकं बाकीच्यांपेक्षा बरीच लहान असतात, आणि स्टेशनात गाडी उभी असते तेव्हा ती बहुतेक रुळाला टेकतही नाहीत, अगदी बारीक फट असते. पण गाडी टेकड्यावर उचलली गेली की सगळा भार त्यांच्यावर. लोक त्यांच्याकडे बघत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण एअरटाइम आहे तो त्यांच्यामुळे.

दुसरी राइड फ्रंट रोला, तिसरी बॅक रोला, लगेच पाठोपाठ घेतल्या, फरक नीट कळावा म्हणून. गाडी म्हणजे डब्यांची जोडलेली माळ, त्यामुळे सगळ्या डब्यांचा वेग एका क्षणी एकच असतो, आणि तो ठरतो गाडीचा मध्य किती उंचीवर आहे त्यावर. पहिल्या माथ्यावर फ्रंट रो आधी ओलांडते तेव्हा बाकी गाडी अजून मागे चेनवर असते, म्हणून पुढचे लोक उताराच्या तोंडावर हळूच लटकतात, समोर फक्त आकाश आणि खाली जमीन. बॅक रो त्याच जागी पोचते तोवर पुढची अख्खी गाडी उतारावर सुटलेली असते, ती मागच्यांना खेचून माथ्यावरून फेकते. जागा एकच, वेग वेगळा, त्यामुळे बळही वेगळं.

पण मधल्या टेकड्यांवर एक गोष्ट आहे जी बऱ्याच लोकांना माहीत नसते. तिथे चेन नाही, त्यामुळे फ्रंट रो माथ्यावर असताना गाडीचा मध्य एका बाजूला जेवढा खाली, तेवढाच बॅक रो माथ्यावर असताना दुसऱ्या बाजूला खाली. म्हणजे टेकडा दोन्ही बाजूंनी सारखा असेल आणि घर्षण बाजूला ठेवलं तर पुढचे आणि मागचे दोघंही माथा एकाच वेगाने ओलांडतात, आणि सगळ्यात हळू ओलांडतात ते मधले! माझी सकाळची पहिली राइड मधल्या डब्यात होती, म्हणजे थंड चाकं आणि वर सगळ्यात कमी एअरटाइमची जागा. दरीत बरोबर उलटं होतं, तिथे मध्य सगळ्यात खाली असताना वेग सर्वात जास्त, म्हणून तळाला सगळ्यात जास्त दाब मधल्यांना बसतो.

पुढच्या-मागच्या सीटच्या फरकावर एक खराखुरा वैद्यकीय अभ्यासही झालाय. डेव्हिड वार्टिंगर आणि मार्क मिचेल यांनी थ्री-डी प्रिंटरने किडनीचं मॉडेल बनवलं, त्यात मुतखडे ठेवले आणि वॉल्ट डिस्नी वर्ल्डच्या बिग थंडर माउंटनवर २० वेळा फिरवलं. २०१६ मध्ये त्याचा पेपर आला: मागच्या सीटवर सुमारे ६४ टक्के वेळा खडा सरकून बाहेर पडला, पुढच्या सीटवर फक्त १७ टक्के. २०१८ ला त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. हे वाचून लगेच उपचार म्हणून रांगेत उभं राहू नका, ते मॉडेल होतं आणि कोस्टरही एकच होतं. पण गाडीच्या दोन टोकांना शरीराला बसणारे झटके इतके वेगळे असतात हे त्यातून छान दिसतं.

दुपारी रांग लांबली. चौथ्या राइडला गाडी खच्चून भरलेली. जड गाडी जास्त वेगाने जाते का? शाळेत शिकलोय की पडण्याचा वेग वस्तुमानावर अवलंबून नसतो, ते बरोबरच आहे, पण ते हवा नसताना. चाकांचं घर्षण गाडीच्या वजनाबरोबर साधारण त्याच प्रमाणात वाढतं, म्हणून तिथे फायदा नाही तोटा नाही. हवेचा अडथळा मात्र गाडीच्या आकारावर आणि वेगावर ठरतो, सीटवर माणूस आहे की सीट रिकामी याने त्यात फार फरक पडत नाही. तेवढाच अडथळा जास्त वस्तुमानाला कमी थोपवतो, त्यामुळे भरलेली गाडी वेग जास्त टिकवून धरते. त्या शेवटच्या टेकड्यावर यावेळी मांड्या बारला टेकल्या. पहिल्यांदाच!

मग जरा वेळ नुसती कुंपणाशी उभी राहून लूप बघत होते. लूप कधी नीट बघितलात का? तो गोल नसतो, उलटा धरलेल्या थेंबासारखा असतो, वर घट्ट वळणाचा, खाली सैल वळणाचा. १८९५ मध्ये कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाचं कोस्टर आलं त्याचा लूप जवळजवळ पूर्ण गोल होता. गोल लूपचा हिशोब क्रूर आहे, माथ्यावर सीट जेमतेम सुटू नये एवढाच वेग ठेवला तरी खालच्या टोकाला स्वतःच्या वजनाच्या सहापट दाब येतो, आणि तो एकदम, सपाट रुळावरून गोलात शिरल्या क्षणी, मानेला तयारीच नाही. उपाय असा की तळाशी, जिथे वेग जास्त असतो, तिथे त्रिज्या मोठी ठेवायची आणि माथ्यावर, जिथे वेग कमी असतो, तिथे छोटी. वळण हळूहळू आवळत जातं आणि दाबही हळूहळू चढतो. १९७६ च्या कॅलिफोर्नियातल्या रेव्होल्यूशन कोस्टरवर अँटोन श्वार्झकॉफ आणि इंजिनिअर वेर्नर श्टेंगेल यांनी हा असा हळूहळू आवळत जाणारा, म्हणजे क्लोथॉइड लूप बसवला आणि तिथून आधुनिक लूप सुरू झाले.

लूपच्या बाबतीत मात्र मी सकाळची बाजू घेईन. सकाळी गाडी माथ्यावरून हळू जाते तेव्हा उलटं असताना सीटचा दाब जवळपास जातो आणि क्षणभर पट्ट्यात लटकल्यासारखं तरंगायला होतं. दुपारी वेग जास्त, तर सीटला चिकटूनच उलटे होता. पाचव्या राइडला तेच झालं, लूप कधी आला कधी गेला कळलंही नाही.

मध्ये एक सर येऊन गेली, अर्धा तास कोस्टर बंद. परत सुरू झाल्यावर शेजारच्या मुलाने विचारलं की ओल्या रुळावर ब्रेक लागतील ना. लागतात, कारण शेवटचे मुख्य ब्रेक तिथे मॅग्नेटचे आहेत. गाडीखाली तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी, रुळावर कायमचे चुंबक, पट्टी चुंबकांमधून गेली की तिच्यात वीज घुमायला लागते आणि तीच गाडीला मागे ओढते. स्पर्श नाही, बाहेरची वीज लागत नाही, पाण्याने फरक नाही. फक्त एक आहे, वेग जेवढा कमी तेवढा ओढा कमी, त्यामुळे चुंबक एकटे गाडी पूर्ण थांबवू शकत नाहीत, शेवटचं धरायला साधे घासणारे ब्रेक लागतात. तो मुलगा नंतर ब्रेक आल्यावर स्वतःच खाली वाकून बघत होता.

सहावी राइड अंधार पडल्यावर, पार्क बंद व्हायच्या आधीची, बॅक रो. अंधारात आणखी एक गोष्ट बदलते. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्या डोकं फिरल्याचं सांगतात, आणि बारीक खडे असलेल्या दोन पिशव्या असतात, त्या सरळ रेषेतला झटका आणि खाली-वर कुठे ते सांगतात. उजेडात डोळे पुढचं वळण आधीच दाखवतात आणि शरीर त्याप्रमाणे मान ताठ करतं, पोट आवळतं. अंधारात ती आगाऊ सूचना मिळत नाही. वळण लागतं तेव्हाच कळतं.

चाकं दिवसभराची तापलेली, गाडी भरलेली, मी सगळ्यात मागे. माथ्यावर खटखट थांबलं, पुढचे डबे अंधारात खाली गेले आणि त्यांनी आम्हाला खेचून घेतलं. लूप, दोन टेकडे, वळण, आणि मग तो शेवटचा छोटा टेकडा, जिथे सकाळी मी आरामात बसून होते. यावेळी मी बसलेली नव्हते. सीट खाली कुठेतरी गेली होती, मांड्या बारला घट्ट लागल्या होत्या, पाय हवेत, आणि असं वाटलं की दोन सेकंद तरी झाली असतील, खरं तर एकसुद्धा झाला नसेल. मग चुंबकांनी धरलं.